नको म्हणायला चार मिनिटं

गुरुवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर वेदश्रीनं वडिलांपुढं मोबाईल धरला आणि म्हणाली, "अप्पा, हा निरोप तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना पाठवा. जसाच्या तसा."

'जसाच्या तसा' एवढं जरी विठ्ठलरावांनी ऐकलं असतं, तरी धारवाडच्या माळमड्डीतल्या हेबळीकरांच्या घरात पुढचे तीन दिवस जी धांदल उडाली ती उडाली नसती. पण माणूस पडला जमिनीच्या कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केलेले. त्यांच्या टेबलावर आलेला कागद जसाच्या तसा पुढं गेला, असं एकदाही घडलेलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. वेदश्रीनं दोन वर्षं खपून चौसष्ट पानांची एक चित्रकथा काढली होती. सगळी चित्रं हाताची, रंगही तिचेच. दोन-तीन प्रकाशकांनी ती पाहिली, फार छान म्हणाले, आणि मोठी माणसं चित्रांचं पुस्तक विकत घेत नाहीत असं सांगून परत केली. मग तिनं इंटरनेटवरचा मार्ग धरला. तिथं आपण चित्रं दाखवायची, छपाईला किती लागतात ते सांगायचं, आणि ज्याला पुस्तक हवं त्यानं आधीच पैसे भरायचे. थेंबे थेंबे तळे साचे, तसलाच हिशेब. अट एकच. मुदतीच्या आत तळं काठोकाठ भरलं तर पाणी आपलं, आणि एक तांब्या जरी कमी पडला तरी ज्याचं त्याला परत.

मुदत होती रविवारी संध्याकाळी सहाची. एक लाख साठ हजारांपैकी एक लाख वीस हजार जमले होते. ते सगळे पुणे, नागपूर, बेंगळुरूच्या अशा माणसांचे, ज्यांचं तोंडही वेदश्रीनं पाहिलेलं नव्हतं. हुबळी-धारवाडचा एक रुपया नव्हता, कारण इथं कुणाला सांगितलंच नव्हतं. विठ्ठलराव लगेच म्हणाले, उरलेले मी भरतो की, पेन्शन काय नुसतीच बँकेत झोपलीय. पण पोरीनं साफ मान हलवली.

"घरचेच पैसे घालायचे तर महिनाभर हा खटाटोप कशाला केला मी? माझं पुस्तक लोकांना हवंय का, तेच तर कळायला पाहिजे."

हे विठ्ठलरावांना पटलं. ते जुनी लग्नपत्रिका शोधून, चष्मा पुसून निरोप 'नीट करायला' बसले.

आता विठ्ठलरावांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. या माणसानं आयुष्यात कुणाकडून काही घेतलेलं नाही. कचेरीत पाकीट सोडाच, कुणी दिवाळीला कॅलेंडर आणलं तरी ते 'नको' म्हणून परत करायचे, आणि मग घरात वर्षभर तारखेवरून भांडणं व्हायची. थोरल्या मुलीच्या, स्मृतीच्या लग्नात पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं. लोकांनी आणलेच. आपल्याकडं नकोची एक रीत असते ना. पहिला नको शिष्टाचाराचा, दुसरा चारचौघांत बरं दिसावं म्हणून, आणि तिसऱ्याला 'आता एवढं म्हणताय तर' असं पुटपुटत हात पुढं करायचा. देणाऱ्यानं तोवर आग्रह सोडायचा नसतो. पाहुणचार काय, आहेर काय, सगळं या तीन पायऱ्यांवरून चालतं. लग्नात मंडळी विठ्ठलरावांना तिसऱ्या पायरीपर्यंत घेऊन गेली आणि त्यांच्या पत्नी अंबूताईंनी आहेर आवरून ठेवले.

वेदश्रीचा निरोप तीन ओळींचा होता. पुस्तक काढतेय, पैसे कमी पडतायत, इथं भरा. विठ्ठलरावांना तो उघड्या अंगानं दारात उभा राहिल्यासारखा वाटला. त्यांनी स्मृतीची पत्रिका समोर ठेवून नवा मसुदा केला. वर श्री. मग आमची कनिष्ठ कन्या चि. वेदश्री हिने योजिलेल्या ग्रंथकार्याची मुदत येत्या रविवारी सायंकाळी ठीक सहा वाजता पूर्ण होत आहे. तरी आपण अगत्यपूर्वक लक्ष घालावे. अधिक माहितीसाठी खालील निळ्या अक्षरांवर बोट ठेवावे. आणि सगळ्यात खाली, सवयीनं म्हणा, संस्कारानं म्हणा, आपले आशीर्वाद हाच आमचा आहेर, अन्य आहेर स्वीकारले जाणार नाहीत.

अंबूताईंनी वाचून, किती गोड लिहिलंय, असं प्रशस्तिपत्र दिलं. निरोप तीनशे बारा जणांना गेला.

शुक्रवारी सकाळपर्यंत विठ्ठलरावांच्या मोबाईलवर एकशे ऐंशी जोडलेले हात आणि साठेक शुभाशीर्वाद आले. वेदश्रीच्या पानावर एक रुपया आला नाही. तिनं वडिलांचा मोबाईल घेऊन निरोप वाचला, आणि खुर्चीत बसली.

"अप्पा, पैसे मागायच्या निरोपात 'आहेर नको' असं कुणी लिहितं का?"

"मागितलंय कुठं? सुचवलंय. आपण नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा. रीतच आहे की."

"त्या निळ्या अक्षरांना कोण कसा आग्रह करणार?"

विठ्ठलराव मागच्या अंगणात अबोलीला पाणी घालायला गेले. पाणी घालता घालता त्यांनाही चूक उमगली. पण दिलेला शब्द मागं घेणं म्हणजे तर अब्रूच गेली. नको म्हटलंय ते नकोच, त्याला हो कसं म्हणायचं? बराच विचार करून संध्याकाळी त्यांनी पुरवणी निरोप पाठवला. तो असा होता: 'तथापि कोणी प्रेमाने आग्रहच केल्यास त्यांचे मन मोडले जाणार नाही.'

हा 'तथापि' मात्र बरोबर लागू पडला. तीनशे बारा घरांतून तो वाचला गेला, आणि जाणत्या माणसांनी त्याचा अर्थ नेमका काढला. विठ्ठलरावांना आग्रह करायला हवा. आणि आग्रह काय फोनवर होतो? त्याला समोर जावं लागतं, पाकीट हातात धरावं लागतं, खिशात कोंबावं लागतं. मुदत ठरलेली होतीच, रविवारी सहा. लोकांनी तो मुहूर्त धरला.

घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. रविवारी सकाळी जुन्या हुबळीतून अंबूताईंचे भाऊ गुरुराज यांचा फोन आला. त्यांचं तिथं भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी सहज विचारलं, अक्का, आम्ही एकोणीस जण चिगरीनं येतोय, बस चारला पोचेल, चालेल की? अंबूताईंनी फोन ठेवला, दहा मिनिटं देवासमोर बसल्या, आणि उठून चुरमुऱ्याचं पोतं मागवलं. गिरमिट आणि मिरची भजी, दुसरं काही एवढ्यांना पुरणार नव्हतं.

चार वाजता पहिली मंडळी आली ती विठ्ठलरावांची थोरली बहीण गोदावरी अक्का. वय ब्याऐंशी. हातात नारळ, खणाचा तुकडा आणि पाकीट. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मुलगा कुठाय?" मुलगा-बिलगा काही नाही, पुस्तक आहे, हे कळल्यावर त्या जरा हिरमुसल्या. मग पुस्तक तरी दाखवा म्हणाल्या. ते अजून छापलेलंच नाही हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. तरी रीत म्हणून पाकीट पुढं केलं.

विठ्ठलराव म्हणाले, "नको अक्का."

"घे रे."

"नको, नको. तू आलीस यातच सगळं आलं."

"पोरीला म्हणून देतेय."

"अक्का, खरंच नको."

गोदावरी अक्कांनी भावाकडं नीट पाहिलं. तीन नको पुरे झाले होते, आणि हात काही पुढं आला नव्हता. कचेरीतल्या चौतीस वर्षांपासून याला सगळा गाव 'नको म्हणजे नको' म्हणून ओळखतो, हे त्यांना आठवलं. त्यांनी रागानं पाकीट पिशवीत घातलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

पाच वाजेपर्यंत बहात्तर माणसं जमली. अंगणात सतरंजी, पायऱ्यांवर पोरंबाळं, स्वयंपाकघरात भज्यांचा घाणा. आणि दारात विठ्ठलराव उभे, एकेकाला नको म्हणत. वेदश्री कोपऱ्यात घड्याळ लावून बसली होती. एका आहेराला सरासरी चार मिनिटं लागत होती. चौकशी, तब्येत, मग पाकीट, मग पहिला नको, दुसरा नको, खांद्यावर हात, तिसरा नको. पंधरा जणांत तासभर गेला. त्यातल्या अकरांनी, हे खरंच घेत नाहीत बाई, असं म्हणत पाकीट परत खिशात ठेवलं आणि सुटका झाल्यासारखे गिरमिटाकडं गेले. चौघं जिद्दीचे निघाले म्हणून तेवढं जमलं. उरलेली सत्तावन्न माणसं, तासाला पंधरा. हे गणित अगदी लहान पोरालाही सुटलं असतं.

तेवढ्यात गुरुराज म्हणाले, माणसं नुसती खातायत, निदान पोरीची चित्रं तरी दाखव. वेदश्रीनं चित्रं घरातल्या टीव्हीवर लावली. पहिल्याच पानावर एक कचेरी, लाकडी खिडकी, आणि खिडकीमागं एक कारकून. जाड चष्मा, खिशाला दोन पेनं, डाव्या कानावरचे केस उभे. मंडळी पुढं सरकली. कुणीतरी म्हणालं, अरे, हे तर आपले विठ्ठलराव. बाराव्या पानावर रांगेतून राक्षस येत होते, हातात पाकिटं घेऊन, आणि तो चष्मेवाला कारकून फक्त 'नको' म्हणत होता. त्या नकोनं कचेरीचं छप्पर उडालं होतं, राक्षस तारिहाळच्या कारखान्यांवरून उडत पार अळणावरच्या रानात पडले होते. अंगणात हशा पिकला, टाळ्या पडल्या.

विठ्ठलराव दारातून आत आले. त्यांनी ते पान पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत पाहिलं.

"मला सांगितलं नाहीस ते," ते हळूच म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

हे अगदी खरं होतं. दोन वर्षं ही पोर दार लावून काय करते, म्हणून त्यांनी कुरकुर केली होती. ती त्यांनाच काढत बसली होती. वेदश्रीनं मग तेवढंच म्हटलं, "अप्पा, सव्वापाच झाले. तुमच्या एका नकोला माझी चार मिनिटं जातात."

विठ्ठलराव पायरीवर जाऊन उभे राहिले. त्यांनी 'द्या' म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द जिभेवर आला नाही. घरात, आपल्या माणसांसमोर, आपल्या भाषेत 'द्या' म्हणायचं त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. दोनदा खाकरले. पाणी प्याले. आणि मग चौतीस वर्षं रोज सकाळी खिडकी उघडल्यावर जे म्हणायचे, ते आपसूक बाहेर पडलं.

"कोड्री."

कोड्री म्हणजे द्या. कचेरीत हजारो लोकांना ते 'अर्जी कोड्री' म्हणाले होते, आणि त्यात त्यांना कधी लाज वाटली नव्हती. अर्ज घेणं हे तर कामच. एकदा कन्नडात शब्द फुटल्यावर माणूस बदलला. टेबल व्हरांड्यात आलं, खुर्ची आली, चष्मा नाकावर सरकला. रांग धरा. डावीकडून या. पाकिटाला मी हात लावणार नाही. मोबाईल असेल त्यानं निळ्या अक्षरांवर बोट ठेवावं, नसेल त्यानं गुरुराजांकडं द्यावं, ते त्याच्या नावानं भरतील. पुढं चला. तब्येतीची चौकशी नंतर.

आणि रांग चालू लागली. कुणी चष्मा घरी विसरलेलं, कुणी मोबाईलचा गुप्त आकडा सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा मोठ्यानं सांगणारं. पाचशे भरायला सांगितलं तर प्रत्येक जण पाचशे एकच भरणार; तो एक रुपया कसा लिहायचा, यावर दोघंजण अडून बसले. विठ्ठलरावांनी सगळ्यांना दटावून पुढं ढकललं. गिरमिट खात बसलेल्या त्या अकरांनाही नाव घेऊन परत रांगेत बोलावलं. पाच पन्नासला वेदश्रीनं आकडा वाचला. चारशे वीस रुपये कमी. रांग मात्र संपली होती.

"कोण राहिलंय?" विठ्ठलरावांनी विचारलं.

गोदावरी अक्का राहिल्या होत्या. आतल्या खोलीत, पिशवी मांडीवर घेऊन. घरातली सगळ्यात मोठी बाई रांगेत कशी उभी राहील? सगळं अंगण खिडकीशी गोळा झालं. विठ्ठलराव आत गेले.

"अक्का, ते पाकीट दे की."

"नको रे. तू घेत नाहीस. खरंच नको म्हणालास."

"चुकलो. दे."

"नको, नको. तुझं व्रत मोडायला मी कशाला?"

पाच सत्तावन्न. विठ्ठलरावांच्या ध्यानात आलं की अक्का दोन पायऱ्या चढल्या आहेत आणि तिसरी बाकी आहे. रीत पुरी व्हायला चार मिनिटं लागतात, आणि हातात होती तीन. त्यांनी खाली बसून बहिणीचे पाय धरले. अक्कांना हसू आवरेना.

"उठ. तिसरा आग्रह राहू दे तुझ्याकडं. पुढं कधीतरी कर," असं म्हणून त्यांनी पाकीट गुरुराजांच्या अंगावर टाकलं.

गुरुराजांनी आकडा टाकला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. अंबूताई हातात झारा घेऊन बाहेर आल्या होत्या आणि झाऱ्यातून तेल गळत होतं तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पाच एकोणसाठला पान हिरवं झालं. तळं भरलं होतं.

लोक पांगले, भांडी घासायला पडली, आणि वेदश्री पैसे भरणाऱ्यांची यादी बघत बसली. बघता बघता तिचा चेहरा उतरला. त्या संकेतस्थळावर पैसे भरताना शेवटी एक प्रश्न असतो. तुम्हाला पुस्तक पाठवायचं, की मला काही नको? पुण्या-नागपूरच्या सगळ्यांनी पुस्तक मागितलं होतं. हुबळी-धारवाडच्या बहात्तरच्या बहात्तर जणांनी 'मला काही नको' वर बोट ठेवलं होतं.

"म्हणजे आपल्या गावात कुणालाच नकोय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आहेर दिला नुसता."

विठ्ठलरावांनी यादी हातात घेतली, चष्मा वर केला, आणि एखादा अर्ज तपासावा तशी वरपासून खालपर्यंत वाचली.

"वेडी आहेस. हा पहिला नको आहे गं. अजून दोन बाकी आहेत."

अडीच महिन्यांनी पुस्तकं छापून आली. विठ्ठलरावांनी बहात्तर प्रती दोन पिशव्यांत भरल्या आणि सकाळी आठला निघाले. माळमड्डी, सुभाष रोड, मग चिगरीनं हुबळी. प्रत्येक घरात लोक म्हणायचे, अहो नको, आम्ही काय पुस्तकासाठी दिले होते का? विठ्ठलराव म्हणायचे, घ्या. नको हो. घ्याच. आणि तिसऱ्याला हात पुढं यायचा, पुस्तक उघडलं जायचं, आणि विठ्ठलराव दाराबाहेर पडायच्या आत कुणीतरी बाराव्या पानावर पोचून मोठ्यानं हसायचं. ते हसू ऐकायला ते मुद्दाम जिन्यात चपला घालत रेंगाळायचे.

संध्याकाळी पाचला ते गोदावरी अक्कांकडं पोचले. अजून अकरा घरं राहिली होती. अक्का म्हणाल्या, नको रे, ब्याऐंशी वर्षांच्या बाईला चित्रांचं पुस्तक कशाला? विठ्ठलरावांनी रीतीप्रमाणं तीनदा आग्रह केला, आणि वर आणखी एकदा केला.

"हा चौथा कसला?" अक्कांनी विचारलं.

"त्या दिवशी एक राहिला होता."

अक्कांनी पुस्तक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, पहिल्या पानावरचा चष्मेवाला बघून खुदकन हसल्या. मग उठून कपाटाकडं गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. हे पोरीला, नव्या रंगांसाठी, म्हणाल्या, आणि आग्रहाच्या तयारीनं पदर खोचला.

विठ्ठलरावांच्या तोंडाशी तो जुना शब्द आलाच होता. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग पिशवीतल्या अकरा पुस्तकांकडं पाहिलं.

"कोड्री, अक्का," ते म्हणाले, आणि हात पुढं केला.